एक जुलैची पोरं

दरवर्षी एक जुलैचा पेपर हातात आला की मी आधी दिनविशेषाचा रकाना काढते. राज्यात कृषी दिन. देशात डॉक्टर दिन. वनमहोत्सवाचा आठवडा सुरू. कुठल्याशा परदेशाचा राष्ट्रीय दिन, खाली एक-दोन जयंत्या, एखादी पुण्यतिथी. सगळं बरोबर असतं, आणि तरी त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट दरवर्षी छापायची राहून जाते. एक जुलैला अर्ध्या वऱ्हाडाचा वाढदिवस असतो.

हसू नका. अमरावती-अकोल्याकडची चाळिशीच्या पुढची थोडी माणसं गोळा करा आणि त्यांची आधार कार्डं मागून पाहा. कंडक्टर असो, प्राध्यापक असो, दुकानदार असो की धुणीभांडी करणारी बाई असो, एक जुलै निघाली नाही तर मला येऊन सांगा. यातली बरीच माणसं माझ्या हातची आहेत. म्हणजे जन्माला त्यांच्या आयांनी घातलं, तारीख मी घातली.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बाई होते. अकोला आणि दर्यापूर यांच्यामध्ये जो काळ्या मातीचा पट्टा आहे, तिथल्या एका गावात माझी बरीचशी नोकरी गेली. पावसाळ्यात बस फाट्यावरच सोडायची आणि पुढचा रस्ता चपला हातात घेऊन चालायचा. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

ज्यांनी शाळेचं दप्तर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. शाळेत मूल आलं की त्याचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात चढतं. कधी आलं, कोणत्या वर्गात बसलं, कधी शाळा सोडून गेलं, सगळं एका ओळीत. त्या ओळीत एक रकाना जन्मतारखेचा, आकड्यांत आणि अक्षरांत. पुढे आयुष्यभर माणूस जे जे दाखले काढतो, त्यांचं मूळ या ओळीत असतं. ती ओळ लिहायला बसले तेव्हा माझं वय पंचविशीच्या आतबाहेर होतं, आणि समोर जी आई उभी असायची तिला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, पण आपलं लेकरू कधी झालं हे पक्कं ठाऊक होतं.

"कधीचा आहे हो पोरगा?"

"तूर सोंगून राह्यलो होतो न बाई, तवाचा."

"कोणत्या साली?"

"बुढा गेला नाई काय आमचा, त्याच्या मांगल्या साली."

आता बुढा कधी गेला हे विचारलं की तिथून दुसरी तूर निघायची. गावच्या कोतवालाच्या बुकात जन्माच्या नोंदी असायच्या खऱ्या, पण कोणी जाऊन सांगितलं तर. त्यातून मुलगी असली तर पुष्कळदा सांगायला कोणी जायचंच नाही. मग शाळा पिढ्यान्‌पिढ्या जो तोडगा काढत आली होती तोच मीही उचलला. आमच्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते. एक जुलैला ज्याचं वय भरलं ते मूल पहिलीत घ्यायचं, असा हिशोब. म्हणून ज्याला तारीख नाही त्याला एक जुलै. माझी स्वतःचीही तीच आहे. आई सांगायची, धम्मदीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या साली, ज्वारी खळ्यात आली तेव्हाची तू. ज्वारी काही जुलैत खळ्यात येत नाही. पण आमच्या हेडमास्तरांना ज्वारी रकान्यात बसवता येईना.

परिपाठाच्या वेळी फळ्यावर सुविचार, पंचांग आणि दिनविशेष लिहायची पद्धत आहे, आणि "आज कोणाचा वाढदिवस?" असं विचारून त्या मुलासाठी टाळ्या वाजवायची. वर्षभर हा प्रश्न वाया जायचा. एक जुलैला मात्र अख्खी शाळा उभी राहायची. टाळ्या वाजवायला कोणी उरायचं नाही, मग मी एकटीच वाजवायची आणि सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटायची. एकदा नवे विस्तार अधिकारी नेमके त्याच दिवशी भेटीला आले. उभी शाळा पाहून म्हणाले, "बाई, ही काय मस्करी लावली?" मी म्हटलं, "मस्करी नाही साहेब, हा आमच्या गावचा दिनविशेष आहे." त्यांनी शेरेबुकात काहीच लिहिलं नाही. माझा अंदाज, त्यांचाही वाढदिवस असावा.

हे असं सांगितलं की गंमत वाटते. गमतीच्या खाली काय दबलं होतं तेही सांगायला हवं. एका घरचे दोन भाऊ. थोरल्याला मी एक जुलै लावली. धाकटा तालुक्याच्या दवाखान्यात झालेला, त्याच्याकडे खरा दाखला, त्याच वर्षीचा नोव्हेंबर. मी दोन्ही ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत. पुढे थोरला सैन्याच्या भरतीला गेला आणि परत येऊन माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, माह्या मायले चार महिन्यात दोन लेकरं कशी झाली, असं इचारून राह्यले थे."

मी म्हटलं, "सांगजो त्यायले, वऱ्हाडातली जमीन लय कसदार आहे."

तो हसला, मीही हसले. भरतीत तो लागला नाही. छाती कमी भरली म्हणून राहिलं, तारखेचा संबंध नाही, असं तो आजही म्हणतो. तो माझं मन राखतो आहे, हे मला कळतं.

आणि एक बेबी होती. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मी नियमाची फार पक्की होते. बेबीच्या आईनं अगदी नीट सांगितलं, पोरगी दिवाळीच्या आधीची. वय चार महिन्यांनी कमी भरत होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी ती आली नाही. मी घरी गेले तर बेबीच्या कडेवर लहान भाऊ होता, आणि तिची आई म्हणाली, "आता तिले कशी धाडू बाई? लहान्याले कोन पाहीन?" बेबी शाळेत कधीच आली नाही. तिचं नाव माझ्या कुठल्याच रजिस्टरात नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं की दारात आलेलं पोर वयासाठी परत पाठवायचं नाही. मग आई काहीही सांगो, तारीख मी लावीन.

त्यानंतर काही वर्षांनी नसीमा आली. तिचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे आणि आई रशीदाबी निंदायला, कापूस वेचायला जायची. रशीदाबीनं न विचारता सांगून टाकलं.

"तान्या पोयाची हाय बाई. पोट्टे लाकडाचे बैल घिऊन दारी आलते, अन्‌ इकडे माह्या पोटात दुखाले लागलं."

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस. लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरवतात. विदर्भाबाहेर त्याचं एवढं कौतुक नाही. म्हणजे पोरगी ऑगस्टच्या अखेरची. दोन महिने कमी. मी पेन उचललं आणि एक जुलै लिहिली, आकड्यांत आणि अक्षरांत.

"काय लिवलं?"

"एक जुलै."

"काहून? म्या त पोया सांगतला."

"पोया लिहिला तर पोरगी घरी जाते, रशीदाबी. एक जुलै लिहिली तर वर्गात बसते. काय लिहू?"

"मंग बसवा न वर्गात," रशीदाबी म्हणाली आणि निंदायला निघून गेली.

नसीमा सातवीपर्यंत शिकली. गणितात बरी होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. लग्न होऊन अकोल्याला गेली, शिवण शिकली, आता शाळांचे गणवेश शिवते आणि हाताखाली चार बायका आहेत. मी निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आले. दोघींचा संबंध ईदच्या शुभेच्छांपुरता उरला होता. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"बाई, थे तारीख आठोते काय तुमाले?"

झालं होतं असं. रशीदाबीला हजला जायचं होतं आणि सोबत नसीमा जाणार होती. पासपोर्टासाठी जन्माचा दाखला काढा, असं कोणीतरी सांगितलं. नोंद कुठेच नव्हती, म्हणून तिनं तहसीलीतून रीतसर उशिराची नोंद करून घेतली. तारीख कोणती द्यायची? रशीदाबीनं तान्हा पोळा सांगितला. गावच्या जोशीबुवांच्या माळ्यावर जुनी पंचांगं होती, त्यांनी इंग्रजी तारीख काढून दिली. दाखला मिळाला. पुढे बाहेरची माणसं असे दाखले काढतात अशी ओरड झाली, उशिराच्या नोंदींची फेरतपासणी निघाली आणि नसीमाला नोटीस आली. शाळेच्या रजिस्टरात जुलै, दाखल्यात ऑगस्ट. दोन तारखा, म्हणजे दाखला संशयास्पद. खुलासा द्या, नाहीतर दाखला रद्द आणि खोटा दाखला काढल्याबद्दल गुन्हा.

"थे म्हनून राह्यले, मी या गावची नाईच. मंग मी कोठची हाव बाई?"

तहसीलीत मी स्वतः येते, असं सांगून मी फोन ठेवला. त्या दोन तारखांपैकी एक खरी होती आणि एक माझी होती.

मी तहसीलीत जाणार ही बातमी माझ्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी गावंडे सरांचा फोन. माझ्यानंतर त्याच शाळेत ते हेडमास्तर होते, आता तेही निवृत्त. माणूस भला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

"बाई, तुमी जायजा, पन एवढंच म्हना का रजिस्टर बरोबर हाय. बुढीले नीट आठोत नसन, दाखला चुकला. विषय खतम."

"सर, चूक माझी आहे."

"असन. पन तुमी खोटी नोंद केली असं कबूल केलं, त उद्या त्या रजिस्टरातल्या एकाएकाले नोटीस निंगन. कोनी पोलिसात हाय, कोनी मास्तर हाय, कोनाचे पोट्टे भरतीत हायेत. एका पोरीपायी साऱ्या गावाले बुडवता काय?"

मला राग आला तो यासाठी की त्यांचं गणित बरोबर होतं. मी गप्प बसले असते तर मी सुरक्षित, रजिस्टर सुरक्षित, गाव सुरक्षित. फक्त नसीमा खोटी. आणि खरं तेच सांगते, बसमध्ये बसताना मी गावंडे सरांचं ऐकायचं असं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. इतरही माझीच पोरं होती की.

कोणती तहसील ते सांगत नाही. सगळ्या सारख्याच असतात, बाहेर अर्ज लिहिणारे आणि आत पंखा. चौकशी करणारे अधिकारी वयानं लहान, पुण्याकडचे, बोलायला सभ्य. मला खुर्ची दिली. रशीदाबी बाकावर, शेजारी नसीमा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. टेबलावर शाळेतून मागवलेलं रजिस्टर होतं. कापडी पुठ्ठा उसवलेला, पण शाई माझी, अक्षर माझं. साहेबांनी त्या वर्षाचं पान उघडलं आणि वरून खाली बोट फिरवलं.

"मॅडम, एका गावात एकाच दिवशी एवढी मुलं जन्माला आली?"

मागे उभ्या असलेल्या बाबूंनी खाली मान घातली. ते पन्नाशीचे होते. त्यांची जन्मतारीख मी विचारली नाही.

मी काही बोलायच्या आत साहेब रशीदाबीकडे वळले. "आजी, मुलीचा जन्म कधीचा?"

"तान्या पोयाचा."

"तारीख सांगा."

"तारीख बाईनं लिवली. म्या त पोयाच सांगतला होता. तवाबी अन्‌ आताबी."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला समजावताना हसतो तसे. "आजी, सणावारावरून सरकारी काम चालत नसतं."

माझं डोकं फिरलं ते तिथं. ही बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात वाकली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या तोंडचा शब्द एकदाही बदलला नाही. बदलला होता तो मी, आणि खुर्ची मला मिळाली होती.

"का चालत नाही साहेब? पंचांग काढा, तान्ह्या पोळ्याची तारीख निघते. जोशीबुवांनी काढली, तुम्हीही काढू शकता. माझ्या एक जुलैला मात्र कशाचाच आधार नाही. या खोलीत खरी तारीख सांगणारी एकच बाई आहे, आणि ती सहीच्या जागी अंगठा लावते."

"म्हणजे रजिस्टरमधली नोंद चुकीची आहे?"

"चुकीची आहे."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत होतं. हिच्या आईनं मला खरं सांगितलं होतं. खरं लिहिलं असतं तर नियमानं पोरीला परत पाठवावं लागलं असतं. परत पाठवलेली पोरगी पुन्हा येत नाही, हे मी एकदा करून पाहिलं होतं."

"लिहून द्याल?"

"कागद द्या."

मी लिहिलं. अक्षर जरा मोठं काढलं. मी भरलेली तारीख चुकीची, आईनं सांगितलेली बरोबर, आणि ही मुलगी याच गावची, ती माझ्यासमोर सात वर्षं मांडी घालून बसली. खाली नाव, हुद्दा, सही. साहेबांनी दोनदा वाचलं. मग मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

"मग या पानावरच्या बाकीच्या नोंदी?"

मला गावंडे सर आठवले. मी साहेबांच्या हाताखालचं रजिस्टर माझ्याकडे ओढलं. तसं करायला नको होतं, पण ते मी इतकी वर्षं सांभाळलं होतं, त्यांनी अर्धा तास.

"ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला बोलवा. ज्याला ज्याला बोलवाल त्याच्यासोबत मी येऊन बसेन. वय झालंय, गुडघे दुखतात, तरी येईन. तारीख चुकली म्हणून पोरं खोटी होत नाहीत साहेब. मी रोज हजेरी घेतली आहे त्यांची. तुम्हाला एकाच दिवशी जन्मलेली मुलं दिसतात. मला दिसतात ती एवढीच, की ही सगळी शाळेत आली."

साहेबांनी माझा जबाब फाइलला लावला. बाबूंनी मात्र, कोणी न सांगता, माझ्यासाठी आणि रशीदाबीसाठी चहा मागवला.

निकालाला सहा-सात आठवडे लागले. नसीमाचा दाखला कायम राहिला. आईचं म्हणणं पंचांगाशी जुळतं आणि शिक्षिकेचा जबाब त्याला दुजोरा देतो, असं आदेशात लिहिलं होतं. नसीमा फोनवर रडली. मग रशीदाबीनं फोन घेतला.

"बाई, तुमच्या नावानं दुवा मांगीन तिथं."

"मागजा," मी म्हटलं. "आधी माह्या गुडघ्यायसाठी मागजा."

गावंडे सर माझ्याशी अजून बोलत नाहीत. एका लग्नात समोरासमोर आलो, त्यांनी पंगत बदलली. दुसऱ्या कोणाला आजवर नोटीस आलेली नाही. येणारच नाही असं मी म्हणत नाही, आणि सरांची भीती खोटी होती असंही म्हणत नाही. काही रात्री मला त्या पानावरची नावं वरून खाली पाठ म्हणायची सवय लागली आहे. बरीचशी अजून आठवतात.

नोटीस आली ती मला. माझा जबाब शिक्षण खात्याकडे गेला होता. निवृत्त शिक्षिकेने सेवाकाळात जाणूनबुजून चुकीची नोंद केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मुलगा म्हणाला, वकील करू. सून म्हणाली, आई, दोन ओळींत माफी लिहून टाका, कोण विचारतंय. मी माझ्या टेबलाशी बसले आणि जन्मभर वरिष्ठांना जशी पत्रं लिहिली तसंच हेही लिहिलं.

"महोदय, वरील विषयान्वये खुलासा सादर करते की, सदर नोंद चुकीची आहे व ती मी पूर्ण शुद्धीत केली आहे. सदर मुलीचे वय नियमात बसत नव्हते. मुलगी वर्गात बसत होती. तशीच वेळ पुन्हा आल्यास मी तशीच नोंद पुन्हा करीन. माहितीस्तव सविनय सादर."

पोस्टात टाकलं नाही. स्वतः बसनं गेले, आवक-जावकच्या टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला.